नदीचे खोरे कोणी सांभाळायचे?

१५ ऑक्टोबर ही तारीख गोदावरीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना पाठ असते. त्या सुमारास पैठणच्या नाथसागरातला, म्हणजे जायकवाडी धरणातला, साठा मोजला जातो. खरिपात वापरलेले पाणी धरून जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी भरला, तर वरच्या नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या धरणांतून खाली पाणी सोडायचे, असा नियम आहे. २०१५ साली १२.८४ टीएमसी (अब्ज घनफूट), २०१८ साली सुमारे ९ टीएमसी आणि २०२३ साली ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचे आदेश निघाले. दर वेळी वर मोर्चे निघाले, खाली मोर्चे निघाले आणि दोन्ही बाजू न्यायालयात गेल्या. पाणी सुटण्याआधी नदीकाठच्या मोटारींची वीज बंद करावी लागते, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठाने पोलीस उभे करावे लागतात. इतके करूनही कोरड्या पात्रातून पैठणला पोहोचेपर्यंत बरेच पाणी वाळूत मुरते.

ही सगळी धावपळ एकाच राज्यातली आहे. सरकार एक, जलसंपदा खाते एक, कायदाही एक. तरीही नाशिकचा द्राक्षबागायतदार आणि गेवराईचा कापूस उत्पादक एकमेकांना भेटतात ते बातमीतून, नाहीतर वकिलांमार्फत. नदीचे खोरे सहकार्याने कसे सांभाळावे, या प्रश्नावर जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि थोडेफार करूनही पाहिले गेले आहे. त्या अनुभवांचा आढावा घेताना आपल्या गोदावरी-कृष्णेचे काय चुकते, याकडे लक्ष जाणे अटळ आहे.

आधी जायकवाडीच्या नियमाबद्दल दोन शब्द चांगले बोलले पाहिजेत. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा तुटीच्या काळात खोऱ्यातल्या सर्व धरणांनी तूट समन्यायाने सोसावी असे सांगतो. हे तत्त्व प्रत्यक्षात कसे आणायचे, याची कोष्टके २०१३ साली मेंढेगिरी समितीने तयार केली. पाऊस कसा झाला यावरून कोणत्या धरणसमूहात किती साठा राहू द्यायचा, हे त्यात मांडलेले आहे. प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्यावर आदेश काढला, उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तत्त्व उचलून धरले. राज्यांतर्गत पाणीवाटपाचा इतका स्पष्ट, आकड्यांत बांधलेला नियम देशात फार ठिकाणी नाही. पुढे या कोष्टकांचा फेरविचार करणाऱ्या मांदाडे अभ्यासगटाने ६५ टक्क्यांची अट खाली आणण्याची शिफारस केली आणि मराठवाड्यात पुन्हा असंतोष पसरला.

नियम असूनही भांडण का मिटत नाही? माझ्या मते कारण सरळ आहे. हा नियम पाणी वाटतो, खोरे चालवत नाही. पावसाळ्यात वरची धरणे भरताना किती अडवायचे आणि किती पुढे जाऊ द्यायचे, हे जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांनी एकत्र बसून ठरवले, तर वाहत्या नदीतून ते पाणी फारशी घट न होता खाली जाईल. आपण ऑक्टोबरपर्यंत थांबतो, मग भरलेल्या धरणातून पाणी मागतो. भरलेले धरण कोणालाच सोडवत नाही. शिवाय निर्णयाची बैठक अभियंत्यांची असते. ज्यांच्या पिकाचा प्रश्न आहे, त्यांना मत नाही.

राज्या-राज्यांच्या पातळीवरही आपली रीत हीच आहे. घटनेने पाणी राज्यांच्या यादीत ठेवले आणि आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राच्या यादीत. १९५६ साली संसदेने दोन कायदे केले. एक नदी मंडळांचा, म्हणजे राज्यांनी मिळून खोऱ्याचे नियोजन करण्याचा. दुसरा आंतरराज्य जलविवादांचा, म्हणजे भांडण झाले की लवाद नेमण्याचा. पहिल्या कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ प्रत्यक्षात उभे राहिलेले नाही. दुसऱ्याखाली लवादांमागून लवाद नेमले गेले. देशाने सहकार्याची वाट कागदावर ठेवली आणि खटल्याची वाट रुळवली, असेच या ७० वर्षांकडे पाहून म्हणावे लागते.

कृष्णेचे उदाहरण घेऊ. बच्छावत लवाद १९६९ मध्ये नेमला गेला, १९७३ मध्ये निवाडा आला. ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे चारपैकी तीन वर्षांत मिळणारे, २०६० टीएमसी पाणी धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० असे वाटप झाले. तो निवाडा उत्तम होता, कारण त्याने धरणे बांधण्याला निश्चित चौकट दिली. पण त्याचाच एक परिणाम असा झाला, की प्रत्येक राज्य आपला वाटा ‘अडवून दाखवण्याच्या’ शर्यतीला लागले. महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ साली निघाले ते याच घाईतून. दुसऱ्या लवादाने, म्हणजे ब्रिजेशकुमार लवादाने, २०१० मध्ये निर्णय दिला आणि २०१३ मध्ये त्यात थोडे बदल केले. महाराष्ट्र ६६६, कर्नाटक ९०७, आंध्र १००५. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे तो राजपत्रात प्रसिद्ध झालेला नाही. दरम्यान तेलंगण वेगळे झाले आणि २०२३ मध्ये लवादाकडे नवे मुद्दे सोपवले गेले. जो शेतकरी १९६९ साली विशीत होता, तो आता पंच्याहत्तरी ओलांडून गेला आहे.

म्हादईचेही तसेच. लवाद २०१० चा, निवाडा २०१८ चा: गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी. अंमलबजावणीसाठी ‘प्रवाह’ नावाच्या प्राधिकरणाला केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली, तरी वाद धगधगतोच आहे.

वाटपाच्या हिशेबात न बसणारी गोष्ट म्हणजे पूर. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोयना धरण महाराष्ट्रात, अलमट्टी धरण कर्नाटकात. एकाचा विसर्ग दुसऱ्याच्या साठ्यात जातो आणि मध्ये लाखो माणसे राहतात. अलमट्टीच्या फुगवट्याने सांगली बुडते की नाही, यावर तज्ज्ञांत आणि पूरग्रस्तांत अजून एकमत नाही. राज्याने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोषी धरले नाही, सांगलीकरांना ते पटले नाही. कर्नाटकाला धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे. हा प्रश्न मुळात मोजमापाचा आहे. दोन्ही राज्यांनी आणि काठच्या लोकांनी मान्य केलेले एकच जलशास्त्रीय गणित असते, तर निदान भांडण कशावर आहे ते तरी कळले असते. २०१९ नंतर पावसाळ्यात दोन्हीकडचे अभियंते विसर्गाची माहिती एकमेकांना देतात, बोलतात, हे चांगलेच झाले. पण हे संबंध अधिकाऱ्यांच्या फोनवर चालतात. अधिकारी बदलले की ते पुन्हा जुळवावे लागतात.

आता बाहेर पाहू. सहकार्याच्या यशाची गोष्ट म्हणून सगळे ऱ्हाईनचे नाव घेतात. ती गोष्ट सहसा सांगितली जाते त्याहून खडतर आहे आणि म्हणूनच उपयोगी आहे. ऱ्हाईनच्या रक्षणासाठी काठच्या देशांनी १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय आयोग स्थापला. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे नदी घाण होतच राहिली. फ्रान्सच्या अल्सास भागातल्या पोटॅश खाणी नदीत मीठ सोडत, खाली हॉलंडच्या काचगृहांतली रोपे जळत. १९७६ मध्ये बॉन इथे करार झाला. मीठ कमी करण्याचा खर्च फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३० टक्के, स्वित्झर्लंड ६ टक्के आणि हॉलंड ३४ टक्के असा वाटून घ्यायचे ठरले. नुकसान ज्याचे होते, त्यानेच सर्वांत मोठा वाटा उचलला. न्यायाच्या दृष्टीने हे खटकते, पण त्यामुळेच फ्रान्स सही करायला तयार झाला. तरीही फ्रान्सने मान्यता लांबवली आणि १९७९ मध्ये हॉलंडने पॅरिसमधला आपला राजदूत माघारी बोलावला.

१ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे बासेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली, पाणी लाल झाले, शेकडो किलोमीटर मासे मेले. मंत्री धावत एकत्र आले. पुढच्या वर्षी ऱ्हाईन कृती कार्यक्रम ठरला. तो कायद्याने बंधनकारक नव्हता. त्यात एक गोष्ट मात्र अशी होती, की ती कोणालाही कळावी: सन २००० पर्यंत सामन मासा नदीत परत आला पाहिजे. प्रत्येक देशाने आपली मोजणी आयोगाला द्यायची आणि आयोगाने ती सगळ्यांसमोर मांडायची. मागे पडणारा देश चारचौघांत दिसायचा. रॉटरडॅम बंदराने तर स्वतंत्र मार्ग काढला. बंदरात साचणारा गाळ विषारी होता, तो टाकायचा कुठे हा प्रश्न होता. त्यांनी वरच्या बाजूचे प्रदूषक कारखाने शोधले, दाव्याची तयारी ठेवली आणि एकेकाशी करार करून सांडपाणी कमी करून घेतले. १९९० च्या दशकात ऱ्हाईनच्या उपनद्यांत सामन पुन्हा दिसू लागला. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर याच आयोगाने पुराचे काम हाती घेतले. भांडणाचे टेबल आधीपासून तयार होते, म्हणून हे होऊ शकले.

फ्रान्सने देशातल्या देशात आणखी एक धडा घालून दिला. १९६४ च्या कायद्याने देशाची सहा खोऱ्यांत विभागणी झाली. प्रत्येक खोऱ्याची समिती, तीत स्थानिक लोकप्रतिनिधी, शेतकरी, कारखानदार, मच्छीमार आणि सरकारी अधिकारी. पाणी उचलणाऱ्याने आणि घाण करणाऱ्याने पट्टी भरायची आणि तो पैसा त्याच खोऱ्यात खर्च व्हायचा. समितीला मान मिळाला तो या पैशामुळे. नुसत्या सल्लागार समित्या आपल्याकडेही ढिगाने आहेत.

ऑस्ट्रेलियाचे मरे-डार्लिंग खोरे आपल्याला अधिक जवळचे वाटावे. १० लाख चौरस किलोमीटरहून मोठे, चार राज्यांत पसरलेले, कोरडे, सिंचनावर जगणारे. तिथे राज्यांचा पहिला करार १९१४-१५ चा आहे. १९९५ मध्ये राज्यांनी पाणी उचलण्यावर कमाल मर्यादा घातली, ही जगातली मोठी घटना होती. पुढच्या दीर्घ दुष्काळात नदीचे मुख वाळूने बुजले, ते ड्रेजर लावून उघडे ठेवावे लागले. २००७ मध्ये संघराज्याने कायदा करून खोरे प्राधिकरण नेमले. २०१० मध्ये त्याने पहिला मसुदा पुढे केला, तेव्हा ग्रिफिथ गावात शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती जाळल्या. लोकांना विश्वासात न घेता शास्त्र हातात घेऊन गेले की असे होते, मग शास्त्र कितीही खरे असो. २०१२ च्या अंतिम योजनेत नदीसाठी २७५० गिगॅलिटर परत मिळवायचे ठरले. आपल्या मापात ते ९७ टीएमसी, म्हणजे जायकवाडीच्या पूर्ण उपयुक्त साठ्याहून जास्त. सरकारने शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क पैसे देऊन विकत घेतले. पण २०१७ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने डार्लिंगच्या वरच्या भागातली पाणीचोरी उघड केली आणि २०१८-१९ च्या उन्हाळ्यात मेनिंदीला लाखो मासे मेले. मीटर नसतील आणि तपासणीला दात नसतील, तर चांगली योजनाही पोकळ होते. मूळनिवासी समाजांच्या हाती या खोऱ्यातल्या पाणीहक्कांचा एक टक्काही नाही, ही त्या व्यवस्थेची सर्वांत मोठी खोट आहे.

मेकाँगबद्दल थोडक्यात. लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम यांचा आयोग १९९५ पासून आहे. वर बसलेला चीन सदस्य नाही. सदस्य देशाने मुख्य प्रवाहावर धरण बांधताना इतरांना विचारायचे असते, पण इतरांना नकाराधिकार नाही. लाओसने आक्षेप असताना शायाबुरी धरण बांधले. उलट, पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नदीवरच्या देशांनी १९७२ मध्ये संघटना केली आणि मालीतले मनंताली धरण तिघांच्या सामाईक मालकीचे केले. वीज माली ५२, सेनेगल ३३, मॉरिटानिया १५ टक्के. पाणी वाटण्याऐवजी त्यांनी लाभ वाटले, हे शहाणपणाचे होते. मात्र पुराच्या ओलीवर शेती करणाऱ्या काठच्या लोकांना त्या वाटपाची झळ बसली.

लाभ वाटण्याचा हा विचार आपल्या कृष्णेला लावून पाहावा. कोयनेतून ६७.५ टीएमसीपर्यंत आणि टाटांच्या धरणांतून सुमारे ४२ टीएमसी पाणी सह्याद्री ओलांडून विजेसाठी पश्चिमेला उतरते. कृष्णेला मिळणाऱ्या भीमेच्या खालच्या अंगाला सोलापूर जिल्ह्यात टँकर चालतात आणि त्याच खोऱ्याच्या माथ्यावरचे पाणी खोऱ्याबाहेर जाते. टाटांच्या धरणासाठी जमिनी जाणाऱ्या मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो जमिनीसाठी. पाण्याचा प्रश्न त्या वेळी विचारला गेला नाही. आज विजेला इतर पर्याय आहेत, भीमेला नाहीत. हा प्रश्न मांडायला खोऱ्याचे व्यासपीठच नाही, म्हणून तो विधानसभेत एखाद्या लक्षवेधीपुरता येतो आणि जातो.

सगळे सरकारांनीच करावे असे नाही. २००२ च्या कावेरी तंट्यानंतर मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजचे एस. जनकराजन यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटकातले शेतकरी एकत्र बसले. त्याला ‘कावेरी कुटुंब’ म्हणत. कर्नाटकातल्या मंड्याचे लोक तमिळनाडूतल्या तंजावरची शेते पाहून आले, तंजावरचे मंड्याची. किती पाणी कोणाला यावर त्यांचे एकमत झाले नाही. पण समोरचाही कर्जबाजारी शेतकरीच आहे, हे दोघांनी पाहिले. सरकारांनी या मंडळींना अधिकृत स्थान दिले नाही. शेवटी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कावेरी व्यवस्थापन प्राधिकरण आले, ते अधिकाऱ्यांचे.

आणि आपल्या घरात वाघाड आहे. दिंडोरी तालुक्यातल्या या धरणाच्या कालव्याच्या टोकाला ओझरची शेते होती आणि टोकाला पाणी पोहोचतच नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास टेलच्या शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. खात्याशी करार केला: आम्हांला एकराच्या हिशेबाने नको, मोजून पाणी द्या, पीक कोणते घ्यायचे ते आम्ही ठरवू. चारीच्या तोंडाशी मोजमाप बसले. पाटकरी संस्थेचा, त्याचा पगार संस्थेचा, पट्टीची वसुली संस्थेची. पाळी टोकाकडून सुरू करायची, म्हणजे वरच्याला खालच्याचे भिजल्याखेरीज पाणी नाही. पावसाळा संपल्यावर धरणात किती आहे ते सभेत सांगितले जाते आणि त्यावर किती आवर्तने होतील ते सगळ्यांसमोर ठरते. कालव्याच्या पाझराने भरणाऱ्या विहिरीही हिशेबाबाहेर ठेवल्या नाहीत. पुढे संस्था २४ झाल्या, २००३ मध्ये त्यांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला आणि धरणाखालच्या सगळ्या सिंचनाचा कारभार शेतकऱ्यांकडे आला. धुळे-नाशिकच्या पांझरा-मोसम काठची, शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटण्याची जुनी फड पद्धत याच जातीची.

वाघाडला जे जमले, ते गोदावरीभर का झाले नाही? २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्यात चारीपासून प्रकल्पापर्यंत संस्थांची उतरंड आहे. पुष्कळ संस्था नोंदणीपुरत्या राहिल्या, कारण त्यांच्या चारीवर मोजमाप बसलेच नाही आणि कालवे दुरुस्त करून दिले गेले नाहीत. मुख्य म्हणजे ही उतरंड प्रकल्पाशी संपते. प्रकल्पाच्या वर, खोऱ्याच्या पातळीवर, शेतकऱ्याला जागा नाही.

त्या जागेवर कोण आहे, हे पाहिले की सगळा गुंता समजतो. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये खोरेनिहाय, उपखोरेनिहाय नियोजनाची शिफारस केली होती. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात ‘नदी खोरे अभिकरण’ आले. पण ते म्हणजे कोण? तर आधीचीच पाच पाटबंधारे विकास महामंडळे. ती धरणे बांधण्यासाठी निघालेली, निविदा काढण्यात मुरलेली. त्यांच्याकडून नदी, भूजल, सांडपाणी आणि मच्छीमार यांचा एकत्र विचार होईल, ही अपेक्षाच चुकीची. राज्याचा एकात्मिक जलआराखडा तयार करायला कायद्याने काही महिन्यांची मुदत दिली होती, लागली दहा वर्षांहून अधिक. त्यासाठीही जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांना औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका करावी लागली.

या सगळ्या अनुभवांतून मला चार गोष्टी पक्क्या दिसतात. मोजणी सामाईक आणि उघडी हवी: प्रत्येक धरणाचा साठा, विसर्ग आणि उचल रोज जाहीर. पैसा खोऱ्यात गोळा होऊन खोऱ्यात खर्च व्हावा. निर्णयाच्या बैठकीत पाणी वापरणाऱ्यांना मत हवे, आणि वापरणाऱ्यांत नाशिक-संभाजीनगरसारखी शहरे, साखर कारखाने, विहिरीवाले, भोई-कोळी हे सगळे आले. चौथी गोष्ट, मागे कायद्याचा धाक हवा, कारण वरचा माणूस केवळ सद्भावनेने पाणी सोडत नाही. भरपूर पाणी पिणारा ऊस हा या चर्चेतला सर्वांत अवघड विषय आहे आणि खोऱ्याच्या सभेत तो टाळता येणार नाही. टाळायचाच असेल तर सभा न घेतलेली बरी.

सुरुवात गोदावरीपासून करावी. तिच्या खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात आहे, वरच्या भागात दुसऱ्या कोणत्या राज्याची संमती लागत नाही. प्राधिकरणाच्या कायद्यातली नदी खोरे अभिकरणाची व्याख्या बदलून त्यात पाणी वापर संस्थांच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना निम्म्या जागा द्याव्यात. त्यासाठी लवाद नको, केंद्र नको. विधिमंडळाची एक दुरुस्ती पुरे आहे, आणि ती मागण्याचे काम नाशिक आणि मराठवाड्याच्या आमदारांनी एकत्र करावे.